एक्केचाळीस सह्या

१

आसेन तोम्चेव गेले त्याच्या अठराव्या दिवशी ऑफिसातल्या त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला, तो रिकामा निघाला. कुलूप शाबूत होतं. आत एक मफलर, खोकल्याच्या गोळ्यांची पुडी, आणि जिथे हिरवी फाइल असायची तिथे धुळीत उमटलेला स्वच्छ चौकोन.

"खणाच्या किल्ल्या दोन," संपादक गेर्जिकोव म्हणाले. "एक त्याच्याकडे होती, एक माझ्याकडे. म्हणजे आता तू माझ्याकडे संशयाने बघणार."

"बघतेच आहे," मी म्हणाले.

"बघ. पण गुरुवारपर्यंतच. शुक्रवारी अंक निघतो."

मी मीलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. दहा महिन्यांचं पोर, पण चार जिने चढून आल्यावर पोत्यासारखं लागतं. मी अजून बाळंतपणाच्या रजेवर आहे. घरी बसून लेखांतली माहिती तेवढी तपासून देते. छापलेल्या प्रत्येक लेखाखाली तपासणाऱ्याची आद्याक्षरं जातात. आसेनच्या नऊही लेखांखाली ती माझी होती.

नऊ लेख एकाच कंपनीवर. तेलिओरा. घराघरातल्या रेडिएटरवर बसवायचे मीटर ती बनवते. मीटर आपला आकडा आपणच हवेतून कळवतो, कुणी दार वाजवत येत नाही. साठ हजार घरांत मीटर बसले असं कंपनी सांगत होती आणि शेअर दोन वर्षं चढत होता. निम्म्या सोफिया शहराने तो घेतला होता. आसेन दर शुक्रवारी लिहीत होते की हे मीटर कागदावरच आहेत. कंपनीने चिडून ल्युलिन वसाहतीतल्या दोन इमारतींच्या पावत्या पाठवल्या, घरमालकांच्या सह्यांनिशी. त्यावर आसेननी नववा लेख लिहिला. त्याचं शेवटचं वाक्य असं होतं: "यांतल्या एक्केचाळीस सह्या खोट्या आहेत. पुरावा पुढच्या शुक्रवारी."

शेअर निम्म्यावर आला. मंगळवारी आसेन ट्रामच्या थांब्यावर कोसळले ते उठलेच नाहीत. आता कंपनीची नोटीस आली होती. शेअर पडण्यावर पैसा लावलेल्या एका परदेशी फंडाने हे लेख विकत घेतले, असा तीत आरोप होता. पुरावा द्या, नाहीतर पहिल्या पानावर माफी मागा.

"माफीत काय लिहायचं?" मी विचारलं.

"आमचा लेखक विकला गेला होता. शब्द वकील गुळगुळीत करतील, अर्थ तोच." गेर्जिकोवनी चष्मा काढला. त्यांचे डोळे सुजले होते. "लेख प्रामाणिक होते की नव्हते याचा अहवाल तू दे. नवव्याखाली तुझी अक्षरं आहेत. ती एक्केचाळीस नावं तू पडताळली होतीस ना, रालित्सा?"

नववा लेख तपासायला आला त्या रात्री मीलाला एकशे तीन ताप होता. आसेन फोनवर म्हणाले होते, "दारोदार फिरून, स्वतःच्या डोळ्यांनी मोजून आलोय, पोरी." आणि मी अक्षरं टाकली होती.

"हो," मी म्हणाले. ते खोटं होतं.

२

दुसऱ्या दिवशी मृतांचा शनिवार होता, गेलेल्यांची नावं चर्चमध्ये वाचायचा दिवस. सासूबाईंनी पहाटेच गहू उकडून त्यावर साखर पेरून ठेवली होती.

सासरे, दोब्री, मेमध्ये गेले. ऑगस्टमध्ये सासूबाई आपला ल्युलिनचा फ्लॅट बंद करून मीलाला सांभाळायला आमच्याकडे आल्या, कारण माझा नवरा जर्मनीत बांधकामावर आहे आणि मी एकटी खचत चालले होते. फ्लॅटच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या पिशवीतून कधी हलला नाही. हलला तर मीलाच्या तोंडात जायला. तिला दात येत होते, आणि त्या किल्लीशिवाय दुसरं काही चालत नव्हतं.

"गंज लागलाय, आई. काढा तिच्या तोंडातून."

"पोलाद आहे ते. तुझ्या प्लास्टिकपेक्षा चांगलं." मग, न थांबता, "काल ऑफिसात काय म्हणाले त्या तुझ्या तोम्चेवबद्दल?"

"काही नाही."

"मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणून मी गप्प आहे. नाहीतर दोब्रीची गाडी विकून आलेले सगळे पैसे मी त्या शेअरात घातले होते. निम्मे त्या माणसाने एका लेखात खाल्ले."

"आई, तुम्ही गप्प आहात ना?"

"गप्पच आहे."

चर्चमध्ये मेणाचा आणि ओल्या कोटांचा वास होता. लोकांनी आपापल्या मृतांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या होत्या. फादर ओनुफ्री एकेक उचलून वाचत होते, नुसती पहिली नावं, एका दमात. आमची चिठ्ठी चार नावांची. दोब्री सर्वांत वर.

त्यानंतर कुणाची तरी यादी लागली ती संपेचना. फादरनी कागद उलटला, दुसरा घेतला, तोही उलटला. मागे कुणीतरी खोकलं.

"एका घरात इतकी माणसं मेली?" सासूबाई पुटपुटल्या. "साथ आली होती की काय?" मग त्यांनी माझा दंड दाबला. "ऐक. यांच्याकडेही एक दोब्री आहे."

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी मीलाच्या मुठीतून मेणबत्ती सोडवत होते.

३

रविवारी मीला झोपली तेव्हा नऊही लेख पुन्हा वाचले. या वेळी तपासनीस म्हणून नाही, विरुद्ध बाजूच्या वकिलासारखे.

तिसऱ्या लेखात आसेननी कंपनीच्या तरुण इंजिनिअरांना थापाडे म्हटलं होतं. त्याला काही आधार नव्हता. पाचव्यात कारखान्यातल्या कामगारांची संख्या चुकली होती. ती चूक माझ्याही नजरेतून सुटली होती. सातवा नुसताच चिडून लिहिलेला. पण जिथे जिथे ते जागेवर गेले होते, जिथे पत्ता दिला होता, तिथे एकही वाक्य मला हलवता आलं नाही. माणूस कडवट असेल. कडवट लिहिलेलं खोटंच असतं असं नाही, आणि खरंच असतं असंही नाही. सगळं त्या एक्केचाळीस सह्यांवर येऊन अडत होतं.

सोमवारी तेलिओराचे प्रवक्ते फिलिप देन्कोव यांना भेटले. काचेच्या दालनात त्यांनी मीलासाठी बिस्किट मागवलं.

"तुम्ही आसेनच्या पत्नीकडे, नेवेना तोम्चेवांच्या घरी, गेला होतात," मी म्हणाले.

"फुलं घेऊन. माणुसकी म्हणून."

"आणि कागद मागितलेत."

ते हसले. "मागितले. आमच्याविरुद्ध पुरावा असेल तर तो बघायचा आम्हाला हक्क नाही? बाई म्हणाल्या, घरात काही नाही. मी रिकाम्या हाताने आलो. जिन्यावर शेजारीण भेटली, तिला विचारा."

"सह्या कुणी गोळा केल्या?"

"कंत्राटदाराच्या माणसांनी. दर पावतीमागे त्यांना पैसे मिळतात. मीटर बसवला, घरमालकाने सही केली, पावती आली." त्यांनी बिस्किटाचा चुरा टिश्यूने टिपला. "मी तुम्हाला एक विचारू? ती फाइल तुम्ही स्वतः उघडून बघितली होती?"

मी मीलाची टोपी सरळ केली.

"मग ती भरलेली होती कशावरून?"

लिफ्टमध्ये मी हिशोब मांडला. त्यांनी फाइल चोरली असती तर हा प्रश्न विचारला नसता. चोराला फाइलीत काय आहे ते माहीत असतं. गेर्जिकोवांकडे किल्ली होती, पण खण उघडून चौकोन मला दाखवला त्यांनीच. दोघांनीही घेतली नसेल तर उरत होते एकच. स्वतः आसेन.

४

आसेनच्या इमारतीच्या दारावर त्यांचं शोकपत्रक होतं. फोटोत ते दहा वर्षांनी तरुण. खाली तारीख, नेवेनाकाकूंचं नाव, आणि 'पत्रकार'. कुणीतरी त्या शब्दावर पेनने आडवी रेघ ओढली होती.

"ती रेघ मी बघितली आहे," नेवेनाकाकू दार उघडताच म्हणाल्या. "बदलायला खाली गेले नाही. एकोणीस दिवसांनी चाळिसाव्या दिवसाचं पत्रक लावायचं आहे. छापणाऱ्याने विचारलंय, मजकूर तोच ठेवायचा का. मी म्हटलं, शुक्रवारचा अंक बघून सांगते."

त्यांनी मीलाला मांडीवर घेतलं आणि मला चहा दिला. स्वयंपाकघराच्या टेबलावर विजेची बिलं रचून ठेवली होती. ती ज्यात ठेवली होती ते पुठ्ठ्याचं कव्हर हिरवं होतं.

मी कप खाली ठेवला. "हे कव्हर कुठलं?"

"आसेनचंच. शेवटच्या रविवारी ऑफिसातून घेऊन आला होता. इथे बसून काहीतरी उतरवून काढत होता."

"त्यात कागद होते?"

"ऑफिसचे नव्हते गं. त्या देन्कोवलाही मी तेच सांगितलं." त्यांनी मीलाला मांडीवर जरा वर घेतलं. "त्याच्या मृतांची यादी होती, वरती 'मृत' असंच लिहिलं होतं. आयुष्यात मेणबत्ती न लावलेला माणूस. मी चर्चला निघाले की म्हणायचा, देवाला माझा नमस्कार सांग, ओळख नाही म्हणावं. आणि जाण्याआधी दोन दिवस बसून नावं लिहून ठेवली, शनिवारसाठी. त्याला कळलं होतं, रालित्सा. मी ती यादी चर्चमध्ये दिली."

त्या रडत होत्या, म्हणून मी पुढचा प्रश्न हळू विचारला.

"काकू, आसेनकाकांच्या घरातले किती जण गेलेत?"

"आई, वडील. आणि धाकटा भाऊ, सैन्यात असताना."

"आणि यादीत किती नावं होती?"

"दोन कागद. पाठपोट." त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं, शाळेतले, जुने सोबती... प्रत्येक नावाच्या आधी आकडे घातले होते. चौदा, रेघ, तीन, रेघ, अमुक. मला वाटलं स्मशानातल्या जागेचे असतील. फादर काय, नावंच वाचतात."

स्मशानात इमारत नसते, प्रवेशद्वार नसतं, फ्लॅट नसतो. मी मीलाला उचललं आणि कोटाची बटणं न लावताच निघाले.

५

फादर ओनुफ्री चर्चच्या मागच्या अंगणात बर्फ ढकलत होते. माझं बोलणं त्यांनी फावड्यावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती लांबलचक यादी? हो. माझा घसा बसला होता त्या दिवशी." त्यांनी भिंतीलगतच्या वाळूच्या पेटीकडे पाहिलं. "चिठ्ठ्या आम्ही ठेवत नाही, पोरी. नावं उच्चारली की काम झालं. संध्याकाळीच जाळल्या."

पेटीत राख होती आणि वितळलेलं मेण.

"एकही राहिली नाही?"

"राहिली असती तरी तिचं काय करणार होतीस?"

मी पायरीवर बसले. मीलाने राखेकडे हात केला, मी तो धरून ठेवला. तीन दिवस मी एका चोराच्या मागे होते आणि चोर नव्हताच. एका बायकोने नवऱ्याच्या हातची मृतांची नावं बघितली आणि मृतांच्या नावांचं जे करतात ते केलं. तिच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

पण आसेननी मृतांची नावं का लिहावीत? एक्केचाळीस सह्या खोट्या असं ते म्हणत होते. 'मोजून आलोय, दारोदार.' दारं वाजवून कुणाला विचारलं असतं तर लोक खरं-खोटं काहीही सांगतात, त्यावर हा माणूस असं छातीठोक लिहिणार नाही. म्हणजे त्यांनी दारं वाजवलीच नव्हती. ती वाचली होती.

आपल्या इमारतींच्या दारांवर माणसं लावलेली असतात. गेलेल्या दिवसाचं पत्रक, चाळिसाव्याचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं. ती कुणी काढत नाही. वाऱ्याने फाटतील तेव्हा फाटतील. रोज त्यांच्यासमोरून मी मीलाची गाडी रेटत नेते आणि मान वर करत नाही.

"फादर, त्या यादीत दोब्री नाव होतं?"

त्यांनी विचार केला. "होतं. तुमच्या दोब्रीच्या पाठोपाठच आलं. म्हणून लक्षात राहिलं."

आमचे दोब्री. त्यांचा ल्युलिनचा बंद फ्लॅट. इमारत चौदा.

६

पावत्यांच्या प्रती ऑफिसात होत्या, कुणाला नकोशा. त्या मी मीलाच्या गाडीखालच्या जाळीत टाकल्या आणि मंगळवारी सकाळी सासूबाईंना म्हणाले, "आई, फ्लॅटला हवा द्यायला जाऊ या."

"फेब्रुवारीत? पाइप फुटायचे."

"म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंपासून काही लपत नाही, फक्त त्या उशिरा विचारतात.

चौदा नंबरची तीन प्रवेशद्वारं. पहिल्यापाशी मी पावत्या काढल्या. दाराची काच शोकपत्रकांनी दिसेनाशी झाली होती. एकावर एक, कोपरे वळलेले, शाई पाण्याने जांभळी. मी नाव वाचायचे, मरणाची तारीख वाचायचे, मग पावती शोधायचे. येलेना, फ्लॅट नऊ. गेल्या मार्चमध्ये गेलेली. मीटर मिळाल्याची सही सप्टेंबरात. पेत्को, फ्लॅट अठरा. गेला जूनमध्ये, सही ऑक्टोबरात. पंधरा मिनिटांत पाच झाले.

"काय चाललंय तुझं?" सासूबाईंनी विचारलं. "माणसं मोजतेस?"

"कंत्राटदाराच्या माणसांनी बंद घरं हेरली, आई. एकटं माणूस मेलं, घराला कुलूप लागलं, तक्रार करायला कुणी नाही. नाव मात्र कागदोपत्री त्याचंच राहतं. ते घ्यायचं आणि सही ठोकायची. एका मीटरचे पैसे खिशात, मीटर कुठेच नाही. आणि कंपनी तो आकडा शेअर बाजारात मिरवते."

"हे तुला तुझ्या तोम्चेवने सांगितलं?"

"त्यांना सांगायला मिळालं नाही."

तिसऱ्या प्रवेशद्वारापाशी त्या माझ्या पुढे झाल्या. तिथे दोब्रींची तीन पत्रकं होती. तिन्ही त्यांनीच लावलेली, चारी बाजूंनी चिकटपट्टी, एकही कोपरा सुटा नाही. सहा महिन्यांच्या पत्रकावरच्या फोटोत दोब्री मासा धरून हसत होते.

मी पावती हातात धरून उभी राहिले. देऊ की नको कळेना. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली.

इमारत चौदा, तिसरं द्वार, फ्लॅट सत्तावीस. चौदा ऑक्टोबर. चार मीटर, मिळाले, तक्रार नाही. खाली सही, गोल, वळणदार.

सासूबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"शेवटची दोन वर्षं त्याचा हात इतका कापायचा," त्या म्हणाल्या, "पेन्शनच्या कागदावर मी मनगट धरायचे, तेव्हा कुठे सही व्हायची. आणि हे बघ. किती सुंदर काढलीय."

त्यांनी हात पुढे केला. मीला किल्ली सोडेना. शेवटी सासूबाईंनी तिला आपलं बोट चावायला दिलं आणि किल्ली काढून घेतली.

वर फ्लॅटमध्ये श्वास दिसत होता. चार रेडिएटर, चारांवर ऑगस्टपासूनची धूळ. एकावर दोब्रींची टोपी, वाळायला ठेवलेली, तशीच. मीटर कुठेही नव्हता. मी फोटो काढत होते तेव्हा सासूबाई टोपीजवळ उभ्या होत्या.

"हे छापलंस तर तो शेअर संपला," त्या म्हणाल्या.

"हो."

"गाडीचे उरलेले पैसेही गेले."

"हो, आई."

मीला जमिनीवर रांगत धुळीत रेघा ओढत होती.

"पंधरा नंबर राहिलीय ना अजून?" त्यांनी टोपी पिशवीत टाकली. "चल. मी नावं वाचते, तू कागद शोध. तुला लांबचं दिसत नाही."

७

बुधवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही इमारती मिळून एकोणचाळीस झाले. दोन पत्रकं वाऱ्याने नेली असावीत. ती नावं कुणाची, ते आता फक्त आसेनना ठाऊक.

अहवाल एक पानाचा होता. लेख कडवट होते. दोन ठिकाणी चुकले. तिसऱ्या लेखाबद्दल इंजिनिअरांची माफी मागायला हवी. लेख विकले गेलेले नव्हते. विकला गेलेला माणूस थंडीत एक्केचाळीस शोकपत्रकं वाचत फिरत नाही, त्याला तेवढं काम कुणी सांगतही नाही. शेवटी मी लिहिलं की नववा लेख मी न पडताळता अक्षरं टाकली होती, आणि विचारल्यावर खोटं बोलले होते.

गेर्जिकोवनी ते दोनदा वाचलं. "शेवटचा परिच्छेद नसता तरी चाललं असतं."

"मला नसतं चाललं."

"तपासनीस म्हणून तुला ठेवता येणार नाही मग."

"माहीत आहे."

शुक्रवारी पहिल्या पानावर माफी नव्हती. दोब्रींची पावती होती आणि शेजारी, सासूबाईंच्या परवानगीने, त्यांचं मासा धरलेल्या फोटोचं शोकपत्रक. सोमवारी बाजाराने तेलिओराचा व्यवहार थांबवला. देन्कोव टीव्हीवर म्हणाले की कंपनीचीच फसवणूक झाली आहे. असेलही. ते ठरवायला दुसरी माणसं आहेत. आमच्या जिन्यावर खालच्या मजल्यावरचे आजोबा मला बघून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांच्याकडेही शेअर होते.

चाळिसाव्या दिवशी आम्ही स्मशानात गेलो. गहू सासूबाईंनी उकडला होता. नेवेनाकाकूंनी चाळिसाव्याची पत्रकं आणली होती. तोच फोटो, तोच मजकूर, तोच 'पत्रकार' शब्द.

"किती छापलीत?" सासूबाईंनी विचारलं. त्या दोघींची ती पहिलीच भेट.

"दहा. आमचं दार, त्याचं ऑफिस, ट्रामचा थांबा..."

"एक मला द्या. इमारत चौदाला लावते, तिसऱ्या द्वाराला."

"तिथे त्याला कोण ओळखतं?"

"आमचा दोब्री आहे तिथे," सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवीत हात घालून, किल्ल्या बाजूला सारून, चिकटपट्टी आहे ना ते बघू लागल्या.